जुनी गाडी, १४ इंची ॲलॉय आणि हवेचा आकडा: कामाच्या नोंदी

५ फेब्रुवारी

गाडी १९९८ची, पुढच्या चाकांवर चालणारी छोटी हॅचबॅक, पॉवर स्टिअरिंग नाही. कंपनीतून निघाली तेव्हा १३ इंची पत्र्याच्या डिस्क (म्हणजे चाकं) होत्या आणि १५५/८० आर १३ टायर: रुंदी १५५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १३ इंच. आधीच्या मालकानं हौसेनं १४ इंची ॲलॉय (मिश्रधातूची चाकं) घातले, त्यावर १८५/६० आर १४, ८२ एच. ८२ हा भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक; एच ही वेगाची खूण. मी घेतली ती अशीच.

ड्रायव्हरच्या दारावरचं स्टिकर अजून जुन्याच टायरबद्दल बोलतंय. दोन माणसं असतील तर पुढे १.८, मागे १.८. गाडी भरलेली असेल तर पुढे २.०, मागे २.२. खाली बारीक अक्षरात एकक: किलो प्रति चौरस सेंटीमीटर. एका किलोला १४.२ पाउंड, म्हणजे दोन माणसांना साधारण साडेपंचवीस, आणि भरल्या गाडीला साडेअठ्ठावीस व एकतीस. (पीएसआयला, म्हणजे पाउंड प्रति चौरस इंचाला, सगळे पाउंडच म्हणतात, मीही तेच लिहीन.)

आता १८५/६० मध्ये किती भरायची? तिघांना विचारलं, उत्तरं आली ३०, ३२ आणि ३५. पंपावरच्या मुलानं तर टायरकडे पाहिलंही नाही. "सगळ्यांना तीसच टाकतो, साहेब."

आकडा शोधण्याआधी टायर गाडीला चालतो का, ते कागदावर पाहून घेतलं. जुन्या टायरचा व्यास ५७८.२ मिलिमीटर, नव्याचा ५७७.६. स्पीडोमीटरला फरक कळणारही नाही. रिमच्या आतल्या बाजूला रुंदी ५.५ इंच कोरलेली आहे आणि १८५/६० ला ५ ते ६.५ चालते. भारांक जुना ७९ म्हणजे ४३७ किलो, नवा ८२ म्हणजे ४७५ किलो. आधीच्या मालकानं इथे डोकं चालवलं होतं. नटांच्या बाबतीत नाही, ते पुढे येईलच.

८ फेब्रुवारी

पहिली चूक. टायरच्या कडेला 'मॅक्स ४४' असं लिहिलेलं दिसलं. ४४ नको, पण त्याच्या जवळपास असावं, असा स्वतःचाच तर्क लढवून चारही चाकांत ३६ भरली. ४४ ही टायरची सहनशक्ती आहे, गाडीची गरज नाही. त्या टायरला माझी गाडी ठाऊकच नाही.

चार दिवस तशीच चालवली. स्टिअरिंग फुलासारखं हलकं झालं, म्हणून आधी खूशही झालो. मग डॅशबोर्डचा एकेक स्क्रू बोलायला लागला. चौथ्या दिवशी ओल्या रस्त्यावर गतिरोधकाआधी ब्रेक दाबला, तर पुढची चाकं क्षणभर घसरली. वेग तीसच्याही आत होता.

१२ फेब्रुवारी

हवा कमी करायला बसलो आणि कळलं की मुळात किती आहे हेच मला माहीत नाही. माझ्याकडे पेनासारखा गेज, एक जुना घड्याळी गेज आणि छोट्या इलेक्ट्रिक पंपावरचा आकडा. एकाच टायरवर, पाच मिनिटांत तिघांनी अनुक्रमे ३१, २८ आणि ३३ दाखवले. म्हणजे परवा मी ३६ भरली होती ती पंपाच्या हिशोबानं. खरी किती होती देव जाणे.

प्रत्येक गेज त्याच व्हॉल्व्हला पाच-पाच वेळा लावला. पेनवाला २९ आणि ३२ च्या मध्ये नाचत होता. पंपाचा आकडा दर वेळी तोच, पण चढा. घड्याळी गेज पाचही वेळा २८, फार तर अर्धा पाउंड इकडे-तिकडे. मग ओळखीच्या टायरवाल्याच्या नुकत्याच तपासून आलेल्या गेजशी ताडून पाहिला: माझा एक पाउंड कमी दाखवतो. चालेल. नेहमी एकच पाउंड कमी दाखवणारा गेज मला रोज नवं बोलणाऱ्या बरोबर गेजपेक्षा बरा. त्याच्यावर पांढऱ्या पट्टीनं '+१' लिहिलं. इथून पुढचे सगळे आकडे हे '+१' धरून आहेत.

गेज लावताना फुस्सकन थोडी हवा जातेच. पाच-पाच वेळा मोजून मीच एका टायरमधली दोन पाउंड हवा घालवली होती.

१५ फेब्रुवारी

वजनकाट्यावर गेलो. सल्ले देणारे तिघंही माझ्या गाडीचं वजन न विचारता आकडा सांगत होते, आणि हवा तर वजनासाठीच भरायची. म्हटलं, आधी तेच बघू.

पद्धत सोपी: पूर्ण गाडी काट्यावर, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. पहिल्या खेपेला पुढचे आणि मागचे मिळून एकूण वजनापेक्षा ४० किलो जास्त भरले. कारण पुढची चाकं काट्यावर असताना मागची उतारावर होती आणि मी हँडब्रेक ओढला होता. दुसऱ्या खेपेला काट्याशी सपाट जागा बघून, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून घेतलं. मी आणि शेजारी एक जण, टाकी अर्धी: पुढे ५४५, मागे ३७५. मग घरचे चौघं आणि डिकीत सामान: पुढे ५९०, मागे ५६०. बेरीज दहा किलोच्या आत जुळली.

म्हणजे रोजच्या वापरात पुढच्या एका चाकावर सुमारे २७२ किलो, मागच्यावर १८८. गाडी भरली की पुढे २९५, मागे २८०. पुढे जेमतेम २३ वाढले आणि मागे तब्बल ९२. भरल्या गाडीत मागच्या टायरना जास्त हवा का सांगतात, ते काट्यावर उभं राहिल्यावर कळलं.

१६ फेब्रुवारी

हिशोब केला, आणि हिशोबानंच पुढे घोळ केला. टायर किती वजन पेलतो ते हवेवर ठरतं, पण सरळ प्रमाणात नाही, हवेच्या ०.८ घातानं. साध्या, म्हणजे 'एक्सएल' (जादा भाराचा) नसलेल्या टायरचा भारांकातला आकडा २.५ बार म्हणजे ३६ पाउंडला धरलेला असतो. त्यावरून जुना टायर १.८ किलो हवेला सुमारे ३३१ किलो पेलायचा. माझ्या पुढच्या चाकावर २७२. म्हणजे कंपनीनं पाचव्या हिश्शाहून जास्त राखीव ठेवली होती.

तेवढंच वजन पेलायला नव्या टायरला किती हवा लागेल? २३ पाउंड. दोनदा करून पाहिलं, २३च. रुंद टायर, जास्त भारांक, म्हणून कमी हवा पुरते. नुसतं २७२ किलोच पेलायचं तर १८ पाउंडसुद्धा पुरले असते. सगळे ३० आणि ३५ सांगत असताना माझ्या कागदावर २३ आलेले पाहून मला फार हुशार वाटलं. एक पाउंड वर ठेवून चारही चाकांत २४ भरली.

२२ फेब्रुवारी

गाडी गादीसारखी चालते. बाकी काहीच बरं नाही. जागेवर स्टिअरिंग फिरवायला दोन्ही खांदे लागतात. वळणावर आधी टायर वाकतो, मग गाडी वळते, त्यामुळे सगळं अर्ध्या सेकंदानं उशिरा घडतं. आज ४० किलोमीटर चालवून लगेच मोजलं: पुढची २४ ची २९ झाली होती. पाच पाउंड, म्हणजे २० टक्के वाढ. इतकी वाढ म्हणजे टायर नको तितका वाकतोय आणि त्यानंच तापतोय. नोंद केली, पण हवा वाढवली नाही. कागदावरच्या २३ वर अजून माझं प्रेम होतं.

२६ फेब्रुवारी

खड्डा. पाणी साचलेला, म्हणून खोली दिसली नाही. पुढचं डावं चाक आत गेलं आणि आवाज आला तो रबराचा नव्हता, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा होता. उतरून पाहिलं तर टायरच्या बाहेरच्या भिंतीवर अर्ध्या लिंबाएवढा फुगवटा आणि रिमच्या ओठाला अंगठ्याएवढी चेप. फुगवटा म्हणजे आतले धागे तुटलेले. त्याला दुरुस्ती नाही.

हिशोब वजनापुरता बरोबर होता. त्यात खड्डा कुठेच नव्हता. जुन्या टायरची भिंत १२४ मिलिमीटर उंच होती, नव्याची १११. रिम आणि रस्त्याच्या मधलं १३ मिलिमीटर रबर आधीच गेलं होतं, वर मी हवाही काढली. वजनाचा हिशोब सांगतो की याच्या खाली जाऊ नका. किती ठेवा, ते तो सांगत नाही.

आता नटांची गोष्ट. स्टेपनी जुनीच, पत्र्याच्या डिस्कवरची १५५/८०. व्यास जवळजवळ तोच, त्यामुळे हळूहळू घरी येण्यापुरती चालली असती. पण ॲलॉयचे नट सपाट बुडाचे आणि वॉशरवाले निघाले. पत्र्याच्या डिस्कला निमुळत्या बुडाचे लागतात, आणि ते आधीच्या मालकानं दिलेच नव्हते. सपाट नट त्या भोकांत नीट बसत नाहीत, चाक मध्यावर येत नाही. ओळखीच्या एकानं निमुळते चार नट आणून देईपर्यंत रस्त्याच्या कडेला दोन तास गेले. ते चार नट आता डिकीत, कापडात गुंडाळून, स्टेपनीच्या मधल्या भोकात ठेवलेत. ॲलॉय बदलून घेतलेल्या प्रत्येकानं आजच डिकी उघडून हे बघावं.

७ मार्च

रिम सरळ करून आणला. टायर एक गेला, घ्यावे लागले दोन, कारण एकाच धुरीवर एक नवा आणि एक अर्धा झिजलेला नको. उरलेल्या तिघांचे तारखेचे आकडे तेव्हा वाचले. दोघांवर २११९, म्हणजे २०१९ चा एकविसावा आठवडा. तिसऱ्यावर ०८१५. चार वर्षांनी म्हातारा टायर मी इतके दिवस बाकीच्यांच्या बरोबरीनं मोजत होतो! तो काढला. २११९ चे दोन पुढे, नवे दोन मागे. नवे मागे कशाला, असं दुकानात सगळ्यांनीच विचारलं. मागची पकड सुटली तर गाडी फिरते, आणि ते सावरायला माझ्यासारख्याला येत नाही, म्हणून.

खर्च: दोन टायर, एक रिम दुरुस्ती, बॅलन्सिंग आणि नऊ दिवस.

चारही चाकांत २८.

११ मार्च

उन्हानं फसवलं. सकाळी सातला चारही २८ होते. दुपारी दोनला, गाडी तीन तास उभी होती म्हणजे 'थंड'च आहे असं समजून, मोजलं: उजवी दोन्ही २८ ला धरून, डावी दोन्ही ३१. डावी बाजू उन्हात होती. मी शहाण्यासारखी डावीकडची तीन-तीन पाउंड काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी डावी दोन्ही २५, आणि गाडी सरळ रस्त्यावर डावीकडे ओढतेय.

दहा अंश तापमानाला साधारण दीड पाउंड. डावे टायर सावलीतल्यांपेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापले होते, म्हणजे तीन पाउंड बरोबर. चाकं फिरलेली नसणं आणि टायर थंड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता मोजतो ते फक्त सकाळी, गाडी हलवण्याआधी. पंपापर्यंत जावं लागलंच, तर घरी मोजून किती पाउंड कमी आहेत ते लिहून घेतो आणि पंपावर तेवढेच वाढवतो, तिथला आकडा काही का असेना.

१५ मार्च

खडूची परीक्षा. टायरच्या नक्षीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ, सपाट कोरड्या रस्त्यावर शंभरेक मीटर सरळ चालवायचं, उतरून बघायचं. रेघ कुठे पुसली, कुठे राहिली. सकाळभर हेच केलं. जाणारे-येणारे थांबून बघत होते. एकानं विचारलं, "पूजा आहे का गाडीची?"

पुढची चाकं, ३२: मधली रेघ गेली, दोन्ही कडांना बोटभर खडू शिल्लक. २८: या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी फिकी. २६: कडा आधी स्वच्छ, मध्ये खडूचा धूसर पट्टा. म्हणजे पुढे २८.

मागे २८ ला कडांना थोडा खडू राहिला, २५ ला सगळा सारखा पुसला. मागच्या चाकावर १८८च किलो, त्यामुळे हे अपेक्षित होतं. म्हणून पुढे २८, मागे २५ करून बाहेर पडलो. पहिल्या वेगवान लेन बदलाला शेपूट मागून वेगळं डोलल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा मुद्दाम मोकळ्या रस्त्यावर करून पाहिलं, तेच. सरळ जाताना खडू बरोबर बोलतो, वळणाबद्दल त्याला काही ठाऊक नसतं. कंपनीनं दोन माणसांना पुढे-मागे सारखीच हवा सांगितली होती, ती मागचं वजन कमी असूनही. म्हणजे तो फरक, किंवा फरक नसणं, हा गाडीचा स्वभाव आहे, टायरचा नाही. टायर बदलला तरी तो तसाच ठेवायचा. मागे परत २८. डोलणं गेलं.

४० किलोमीटरनंतर गरम टायर मोजले: पुढे २८ चे ३१, मागे साडेतीस. दहा टक्क्यांच्या आसपास. २४ ला झालेल्या २० टक्क्यांपुढे हे मला पटलं.

२९ मार्च

दोन आठवडे वाया गेले, सांगतो कसे. पुढच्या डाव्या टायरची आतली कड बोटाला करवतीसारखी लागायला लागली. माझ्या डोक्यात सध्या हवेशिवाय काही नाही, म्हणून कधी २९, कधी ३०, कधी परत २८. कड झिजतच राहिली. हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला भाग. एकच कड झिजत असेल तर हवेला हात लावू नये, हे मी दुसऱ्या कुणालाही लगेच सांगितलं असतं. अलाइनमेंटला नेली, तर टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली असावीत तो कोन, बिघडलेला. बहुधा त्याच खड्ड्याची देणगी. रिम सरळ करताना हे तेव्हाच तपासायला हवं होतं.

५ एप्रिल

मागचं उजवं दर आठवड्याला दोन-तीन पाउंड उतरतंय. पंक्चर नाही. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकलं, बुडबुडा नाही. चाक आडवं करून रिम आणि टायर भेटतात त्या गोलाकार फटीत पाणी ओतलं, मग दिसलं: एका जागी मोहरीएवढे बुडबुडे, सावकाश, एकामागून एक. टायर उतरवला तर रिमच्या बैठकीवर पांढरी पूड, ॲल्युमिनियमचा गंज. आधी तारेच्या ब्रशनं, मग बारीक पॉलिशपेपरनं चकचकीत होईपर्यंत घासलं, बैठकीला सीलर लावला. रबरी व्हॉल्व्ह किती जुना आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तोही नवा. बाकीच्या तीन चाकांनाही हेच करायचं राहिलंय.

१९ एप्रिल

दोन आठवडे झाले, चारही २८, उजवं मागचंही.

आज चौघं आणि सामान घेऊन निघायचं होतं. भरल्या गाडीसाठी स्टिकरचे मूळ आकडे न घेता वाढ तेवढी घेतली: पुढे ०.२ किलो म्हणजे तीन पाउंडला थोडी कमी, मागे ०.४ म्हणजे पावणेसहा. पुढे ३१, मागे ३४. १८० किलोमीटर गेलो. गाडी मागे खाली बसली नाही, वळणावर आज्ञाधारक. येताना सामान नव्हतं पण हवा तशीच होती, तर मागची चाकं रस्त्याच्या सांध्यांवर टणाटण उडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परत २८.

स्टेपनीत ३४ भरून ठेवली. लागेल तेव्हा काढता येते, रस्त्यात भरता येत नाही.

२ मे

पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नवं स्टिकर चिकटवलं. '१८५/६० आर १४. सकाळी, थंड. दोघं: २८/२८. भरलेली: ३१/३४.' दारावरचं जुनं काढलं नाही. पत्र्याच्या डिस्क अजून माळ्यावर आहेत.

९ मे

गाडी सर्व्हिसिंगहून आली. गेटातून आत घेतानाच स्टिअरिंग हलकं लागलं. मोजलं: चारही चाकांत ३५. हात व्हॉल्व्हकडे गेला होता, पण बॉनेट अजून गरम होतं आणि ऊन डाव्या बाजूला होतं. गेज खिशात टाकला. सकाळी बघू.